सुचित्राचा हात

घोड्याला पाठीवर माणूस घ्यायला जो शिकवतो त्याला चाबुकस्वार म्हणतात. शब्द ऐकला की डोळ्यांपुढे एखादा मिशाळ गडी उभा राहतो. लालबागच्या सुचित्रा घाडीगावकरला मिशा नव्हत्या हे वेगळं सांगायला नको, पण तिच्याकडे चाबूकही नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मिळाला होता, तो तिच्या आईनं चाळीच्या गॅलरीत आडवा बांधला आणि पुढे कैक वर्षं त्यावर पंचे वाळवले.

सुचित्रा नेमकं काय करते, हे चाळीत कोणाला धड सांगता यायचं नाही. 'रेसकोर्सच्या बाजूला असते' म्हटलं की जुनी माणसं भुवया उंचावायची, कारण एकेकाळी अर्धी चाळ तिथे शनिवार-रविवार पडीक असे. म्हणून तिची आई, कमळाबाई, आल्यागेल्याला सरळ सांगायची की आमची सुचू शाळेत शिकवते. यात खोटं काही नव्हतं. शाळा घोडेस्वारीची आणि विद्यार्थी चार पायांचे, एवढंच सांगायचं राहून जायचं.

तिचे वडील, गंगाधर, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपात गिरणी गेली आणि ते घोड्यांच्या एका तबेल्याच्या गेटावर राखणदार म्हणून लागले. सुचित्रा त्यांचा डबा घेऊन जायची. बाप गेटापाशी जेवायचा आणि पोर आत जाऊन घोडे बघत बसायची. बघता बघता ती लीद काढायला लागली, मग खरारा करायला लागली, मग कोणीतरी तिला वर बसवलं. स्थळंही आली मधूनमधून. मुलगी काय करते म्हणून विचारत, उत्तर ऐकत आणि चहा पिऊन जात. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. पंचेचाळिशी उलटली तेव्हा तर कोणी विचारायचंही बंद झालं, आणि तिला जरा मोकळं वाटलं.

मृणालिनीबाईंच्या शाळेत ती लागली त्यालाही आता बराच काळ झाला. बाई दादरच्या, हिंदू कॉलनीतल्या. बोलणं स्वच्छ, आवाज कधी चढायचा नाही. रेसमधून बाद झालेले घोडे त्या घ्यायच्या आणि सुचित्राच्या ताब्यात द्यायच्या. नवीन माणसाला निर्धास्त बसता येईल असं जनावर त्यातून तयार करायचं, हे सुचित्राचं काम.

आता रेसचा घोडा म्हणजे काही वाईट घोडा नव्हे. त्याला जे शिकवलंय ते तो चोख करतो, आणि घोटाळा तिथेच आहे. लगाम ताणला की पळायचं, असं तो शिकलेला. आपला नवशिका घाबरला की पहिलं काय करतो? लगाम ताणतो. झालं कल्याण. दुसरी गोष्ट चढण्याची. जॉकीला चालत्या घोड्यावरच पाय धरून वर फेकतात. घोडा त्यासाठी थांबत नाही, कारण थांब म्हणून त्याला जन्मात कोणी सांगितलेलं नसतं. मग रिकिबीत पाय पडला की तो निघतो, आणि चढणारा एक पाय रिकिबीत अन् एक पाय जमिनीवर असा लंगडी घालत त्याच्यामागे जातो. बघणाऱ्याला हसू येतं. लंगडी घालणाऱ्याला येत नाही.

म्हणून सुचित्रा आधी नुसतं उभं राहायला शिकवायची. चढण्यासाठी एक लाकडी पायरी होती, तिच्याजवळ घोडा आणायचा आणि काही म्हणजे काही करायचं नाही. तो हलला तर रागवायचं नाही, एक फेरी चालवून पुन्हा तिथेच आणायचं. चाललास तर काम आहे, थांबलास तर आराम आहे, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात उतरेपर्यंत हेच. बघणाऱ्याला वाटावं, बाई पगार घेऊन उभी आहे. शाळेत शिकवणारा गौतम तिला तसं तोंडावर म्हणायचाही. गौतम शीवच्या कोळीवाड्यातला, तिशीतला, बसायला पक्का आणि जिभेला हाड नसलेला.

पाहुणा दिवाळीनंतर आला. कागदावर त्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते घोड्यांची निगा राखणाऱ्या साईसांना उच्चारता येईना आणि घोड्यालाही ते आपलं वाटत नसावं. उंच, तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा. दिसायला असा की बघत राहावं. पण घरी आलेला एखादा पाहुणा कसा दारातच चप्पल न काढता 'निघतो, निघतो' करत असतो, तशी याची तऱ्हा. पायरीजवळ आणला की आडवा व्हायचा, खोगिराला हात लागला की अंग चोरायचा, आणि रिकिबीत पाय गेला की गेलाच. पहिल्याच दिवशी गौतमला त्यानं असा सोडला की गौतम मातीत बसल्या बसल्या म्हणाला, "याला पुण्याची गाडी पकडायचीय." सुचित्रानं त्याचं नाव पाहुणा ठेवलं. घरी आईला ही हकीकत सांगितली, तेव्हापासून कमळाबाई रोज जेवताना विचारायची, "रवलो काय गो तुजो पाहुणो?" राहिला का तुझा पाहुणा, एवढंच.

बरेच दिवस उत्तर नाही असंच होतं. मग माघात कधीतरी, एका सकाळी, सुचित्रा पायरीवर चढली, रिकिबीत पाय घातला, हळूच बसली, आणि पाहुणा उभा राहिला. कान पुढे, मान सैल, जबडा हलतोय. साईस लोक काम सोडून बघायला आले. मृणालिनीबाई फार कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्यांनीही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की हा सुचित्राचा हात आहे, तो शिकवून येत नाही. सुचित्रा 'काहीतरीच तुमचं' म्हणाली. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडलं. आयुष्यात तिच्या म्हणण्याजोगं तेवढंच होतं.

घोळ पुढेच होता. पाहुणा उभा राहायचा तो फक्त सुचित्रासाठी. गौतम आला की आडवा, साईस आला की आडवा, शिकायला येणाऱ्या मुलींपैकी कोणी आलं तर विचारूच नका. सुचित्रानं धरून ठेवला तर तिच्याकडे तोंड करून थांबायचा, ती बाजूला झाली की निघाला. तिनं अनेक परींनी करून पाहिलं, आणि करताना मनातून थोडी सुखावलीही. हा माझाच, असं वाटण्यात एक गोडी असते. चाबुकस्वारानं ती गोडी लावून घेऊ नये हे तिला ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला तिनं तसं बजावलंही असतं.

मृणालिनीबाईंनी शेवटी तिला बोलावून घेतलं. शाळेचा घोडा सगळ्यांचा असतो, त्या म्हणाल्या. पावसाळ्याच्या आधी रेसचे घोडे पुण्याला हलतात तेव्हा शाळाही आपली जनावरं कमी करते. तोवर हा मुलांसाठी उभा राहायला लागला तर ठेवू, नाहीतर एक व्यापारी मागतोय त्याला देऊन टाकू. व्यापारी वरातीला घोडे पुरवणारा होता. बँड वाजतोय, फटाके फुटताहेत, फेट्यातला नवरदेव चढायला पाय टाकतोय आणि खाली पाहुणा आहे, हे चित्र सुचित्राला दिसलं. ना तो नवरदेव धड राहिला असता ना पाहुणा. तिला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि अशा वेळी माणसानं पडावं कुठे? घोड्यावरून पडून जिचं कधी हाड मोडलं नाही, ती शिमग्याच्या सुमाराला चाळीच्या जिन्यावरून पडली. हातात धण्याची पिशवी होती. कमळाबाई मसाला भाजून द्यायचं काम करायची. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून गिऱ्हाईकं मिरच्या, धणे, बडीशेप, मेथी असं सगळं घेत आणि कमळाबाई ते मोठ्या कढईत भाजून कांडपाला पाठवी. उन्हाळा हा तिचा सुगीचा काळ. घरात तर बारा महिने तोच वास, भिंतींना, गाद्यांना, केसांना. नाक सरावलेलं, त्यामुळे मायलेकींना तो कधीच कळायचा नाही.

सुचित्राच्या गळपट्टीचं हाड मोडलं. परळच्या हॉस्पिटलात पट्टा बांधून घरी बसवलं. रिकाम्या लेकीकडे बघून कमळाबाईला साफसफाईची हुक्की आली. सुचित्राचं एक जुनं खाकी जाकीट होतं, तबेल्यात घालायचं, घरी चुलीशेजारच्या खुंटीवर टांगायचं. धुवायचं नाही असा काही नियम नव्हता, पण कोणी कधी धुतलं नव्हतं. कमळाबाईनं ते गरम पाण्यात टाकलं, डेटॉल ओतलं, बदडलं आणि तीन उन्हं दाखवली.

पट्टा सुटल्यावर सुचित्रा डोक्यावरून न्हाऊन, ते कडक जाकीट घालून शाळेत गेली. अंगाला हॉस्पिटलच्या मलमाचा वास होता. पाहुणा दिसताच तिचा चेहरा फुलला. पाहुण्याचा फुलला नाही. तो तिला पायरीशी येऊ देईना. तिनं नेहमीसारखीच सुरुवात केली, फेरी मारली, परत आणला, उभी राहिली. रिकिबीत पाय घातला आणि तो निघाला, थेट, पहिल्या दिवशीसारखा. सुचित्रा लंगडी घालत गेली. साईस लोक बघत होते. कोणी हसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. मृणालिनीबाई म्हणाल्या की खांदा अजून दुखतोय तुझा, हात जड पडला असेल. सुचित्रानं मान हलवली आणि घरी निघून गेली.

त्या रात्री आईनं विचारलं, "रवलो?" सुचित्रा ताटावरून उठली.

पुढचे काही दिवस ती गेलीच नाही. खांद्याचं निमित्त होतंच. आईबरोबर कढईपाशी बसून एका हातानं मिरच्या हलवत राहिली. मग एका सकाळी गौतमचा फोन आला की व्यापारी आज घोडा बघायला येतोय, यायचं तर ये. ती होती तशी उठली. अंगावर भाजताना घातलेला सदरा, वरती जाकीट, केसांत मिरचीचा खकाणा. टॅक्सीवाला महालक्ष्मीपर्यंत शिंकत होता.

तबेल्यात पाय ठेवते न ठेवते तोच पाहुणा मान वर करून खिंकाळला. पायरीशी आणला तर खांबासारखा उभा. ती चढली, बसली, उतरली, पुन्हा चढली. व्यापारी बघून म्हणाला की घोडा गुणी आहे, पुढच्या महिन्यात नेतो. गौतम म्हणाला, "बघ, आला की नाही हात परत!" हातानं काही वेगळं केलं नव्हतं हे सुचित्राला माहीत होतं.

ती खाली उतरून तशीच कठड्याला टेकून बसली होती. तेवढ्यात साईस घोड्यांचा चाऱ्यावरचा मसाला घेऊन आला. ओवा, मेथी, बडीशेप, काळं मीठ. पोट साफ राहावं म्हणून घोड्यांना चिमूट चिमूट देतात. पाहुण्यानं कान पुढे केले, मान सैल सोडली, जबडा हलवायला लागला. तेच तोंड. माघातल्या त्या सकाळी सगळे ज्याला बघायला जमले होते, अगदी तेच. सुचित्रानं आपली बाही नाकाशी नेली. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग जोरात हुंगली, आणि कळलं.

तो तिच्यासाठी कधी उभा राहिलाच नव्हता. तो खाऊची वाट बघत उभा राहायचा.

यावर खरं तर हसावं अशीच गोष्ट. दुसऱ्या कोणाची असती तर सुचित्रा पोट धरून हसली असती. पण तिला हसू आलं नाही. घरी जाताना तिच्या मनात आधीचे सगळे घोडे येऊन गेले. ते पुढे शाळेत मुलांखाली चालले, म्हणजे नुसत्या वासावर भागलं नसणार, असं तिनं स्वतःला समजावलं. पण पहिल्यांदा कशासाठी उभे राहिले होते? तिच्या पद्धतीसाठी, हातासाठी, की आईच्या कढईसाठी? विचारायला ते घोडे आता जाग्यावर नव्हते. तिला फार एकटं वाटलं.

आणि कोणाला काही कळलेलं नव्हतं. गप्प राहिली असती तर नाव राहिलं असतं, जाकीट पुन्हा खुंटीवर गेलं असतं आणि पाहुणा व्यापाऱ्याबरोबर. लोक म्हणाले असते की सुचित्राशिवाय कोणाला जमला नाही तो. ती दोनतीन दिवस गप्प राहिलीही. माणूस आहे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मात्र ती मृणालिनीबाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "माझा हात नाही तो. आईचा मसाला आहे."

बाईंना आधी समजेना. समजल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मग आधीचे घोडे?" त्यांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," सुचित्रा म्हणाली.

मग तिनं खुंटीवर टांगून पुन्हा मसाल्याचा वास लागलेलं जाकीट काढून गौतमला घालायला लावलं. त्याला ते तोकडं झालं, बाह्या कोपरापर्यंत. पाहुण्यानं त्याला हुंगलं आणि गौतम आरामात वर जाऊन बसला. साईसांनी मग मनसोक्त हसून घेतलं. एकानं सुचित्राला विचारलं की कमळाबाई आमच्या बायकोसाठी पावशेर देतील काय. सुचित्रा हसली, तोंडापुरती.

काम तिथून सुरू झालं. जाकीट घातलं की घोडा थांबतो, पण जाकिटावर शाळा चालत नाही. आता वासाशिवाय थांबायला शिकवायचं होतं, आणि त्यात सुचित्राची मोठी अडचण होती ती स्वतः सुचित्राच. ती जवळ आली की वास आला. म्हणून तिनं पाहुण्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. शाळेतच धुतलेले कपडे ठेवले, आल्याबरोबर न्हायची, आणि मैदानाच्या पलीकडच्या कठड्याशी उभी राहून गौतमला सांगायची. जाकीट आधी गौतमच्या अंगावर, मग नुसतं पायरीवर टाकलेलं, मग धुऊन, मग पुन्हा धुऊन, मग नाहीच. हलला की फेरी, थांबला की आराम, तीच जुनी पद्धत, फक्त दुसऱ्याच्या हातानं. पाहुणा कधी दोन दिवस पुढे जायचा, कधी चार दिवस मागे. एकदा कुणाच्या तरी अत्तरामुळे तो असा बिथरला की सगळं पहिल्यापासून करावं लागलं. गौतम वैतागला, म्हणाला तूच ये ना दोन मिनिटं. ती नाही आली. जावंसं तिला रोज वाटायचं. इतकं की कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागायचा.

रेसचे घोडे पुण्याला हलायला लागले त्या आठवड्यात मृणालिनीबाईंनी परीक्षा ठेवली. गिरगावची श्रेया म्हणून एक मुलगी होती, दाताच्या कॉलेजात शिकणारी, घोड्यावर बसायची हौस दांडगी आणि भीती त्याहून दांडगी. बाई म्हणाल्या की हिच्यासाठी थांबला तर राहील. सुचित्रा म्हणाली की एवढं पुरे नाही. श्रेया चढत असताना मी तिथे येते, घरून येते तशी. माझ्याकडे आला तर तो अजून वासाचाच घोडा आहे, मग खुशाल द्या त्याला.

असं काही करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून ती कढईपाशी बसली. धणे भाजले, मेथी भाजली, बडीशेप भाजली, हात सदऱ्याला पुसले. कमळाबाई म्हणाली की आज भारी काम करतेस, तेव्हा सुचित्रानं तिला परीक्षेचं सांगितलं. दुपार कलताना सुचित्रा शाळेत पोचली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कठडा ओलांडून आत गेली. पायरीपासून चार हातांवर उभी राहिली. श्रेयानं रिकिबीत पाय घातला.

पाहुण्याच्या नाकपुड्या फुलल्या. एक कान सुचित्राकडे वळला. आता खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला काय हवं होतं ते तिलाही धड कळत नव्हतं. एक पाऊल जरी तो तिच्याकडे आला असता तरी तिला भरून पावल्यासारखं झालं असतं. कान परत पुढे झाला. श्रेया कशीबशी वर जाऊन बसली, घाबरून लगाम ताणला, सोडला, आणि खाली पाहुणा होता तिथेच उभा होता. त्यानं सुचित्राकडे मान वळवली नाही. अंगावर माशी बसली तशी कातडी थरथरवली आणि मागचा एक पाय सैल सोडून आरामात उभा राहिला.

सगळे श्रेयाभोवती जमले. मृणालिनीबाईंनी व्यापाऱ्याला फोन लावला. सुचित्रा बाहेर येऊन नळावर हात धूत राहिली, बराच वेळ. तिला वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं. गौतम मागे येऊन उभा राहिला आणि तिचं झाल्यावर त्यानं नळ बंद केला.

घरी कमळाबाई पानं घेत होती. तिनं आज आधी दुसरंच विचारलं.

"तुका ओळखल्यान?"

"नाय."

कमळाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, ताटात भात वाढला आणि वरण ओतता ओतता हळूच विचारलं, "मगे? रवलो काय तो?"

"रवलो," सुचित्रा म्हणाली आणि जेवायला बसली.